दहा दिवसांचा डॉक्टर

पावसाळा लागला की आमच्या इंटर्न मुलांपैकी एखादा तरी विचारतो, ‘सर, परदेशातली मुलं चर्चच्या तुकडीबरोबर दोन आठवडे आफ्रिकेतल्या खेड्यांत सेवेला जातात. आपल्यालाही जाता येईल का?’ जाता येईल की! पण मी त्याला आधी परतवाड्याची एसटी दाखवतो. परतवाड्याजवळ कोठाऱ्याला कुष्ठरुग्णांसाठी सुरू झालेलं लेप्रसी मिशनचं रुग्णालय आहे. पुढे घाट चढला की मेळघाट. अमरावती-अकोल्याच्या माणसाला सेवेसाठी पासपोर्ट लागत नाही.

पहिल्यांदा एका शिबिरासोबत गेलो, त्याला आता वीसेक वर्षं झाली असतील. धारणी तालुक्यातलं कोरकू गाव, जुलैचा पाऊस. दहा महिन्यांचं एक बाळ आलं, मिनिटाला छप्पन श्वास. दोन महिने ते एक वर्षापर्यंतच्या बाळाचे श्वास पन्नास किंवा त्याहून जास्त भरले तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. मी अँटिबायोटिकची पावडरची बाटली दिली. उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घाला, हलवा, मग पाजा, असं नीट मराठीत समजावलं. आई मान हलवत होती. कोरकू ही मराठीची बोली नव्हे, संथाळी-मुंडारीच्या कुळातली वेगळीच भाषा आहे, हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्या क्षणी आठवलं नाही.

सकाळी अंगणवाडीताई धावत आल्या. ‘साहेब, तिनं पावडर तशीच चाटवली.’ आईला समजलेलं नाही हे त्यांनी आदल्या दिवशीच ओळखलं होतं, म्हणून त्या उजाडताच घरी जाऊन आल्या होत्या. बाळाची छाती खाली आत ओढली जात होती. जीप काढली, तर वाटेतला नाला भरलेला. पाणी उतरेपर्यंत दोन तास मी बाळाच्या श्वासांकडे बघत बसलो. धारणीच्या रुग्णालयात ऑक्सिजन आणि इंजेक्शनं मिळाली, बाळ वाचलं. ते वाचलं ताईंमुळे. आमचं शिबिर तर त्या दुपारीच आटोपणार होतं.

कोल्हे दांपत्य बैरागडला राहिलं, संसार तिथंच केला. २०१९ मध्ये दोघांनाही पद्मश्री मिळाली. सगळ्यांना तसं राहता येत नाही, मलाही आलं नाही. पण थोडे दिवस जाऊनही उपयोगी पडता येतं. पुण्याची ‘मैत्री’ संस्था १९९७ पासून मेळघाटात आहे. पावसाळ्यात तिची धडक मोहीम असते, स्वयंसेवक सुमारे दहा-दहा दिवसांच्या तुकड्यांनी गावात राहायला जातात. त्यात डॉक्टरच हवा असं नाही. एक तुकडी परतली की दुसरी येते आणि गावातली माणसं तीच असतात, हे मला त्यातलं सगळ्यात पटतं.

जाणाऱ्याने काय करावं? घरोघरी जावं, श्वास मोजावेत. एक ते पाच वर्षांच्या मुलाला चाळीस किंवा जास्त भरले तर लगेच आरोग्य केंद्र गाठावं. जुलाब असतील तर ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच कालवावं, निम्म्या पाण्यात निम्मं असा अंदाज नको, आणि झिंक चौदा दिवस द्यावं. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी गोळी बंद करायची नाही, हे पटवणं कठीण जातं. म्हणून पाचव्या दिवशी पुन्हा त्या घरी डोकवावं. प्रत्येक वेळी सोबत कोरकू बोलणारी आशाताई असावी आणि आईने औषध आपल्यासमोर एकदा कालवून दाखवावं. पोटावर डंब्याचे, म्हणजे तापल्या लोखंडाच्या चटक्यांचे व्रण दिसले, तर आईवर ओरडू नये. पुढच्या वेळी ती बाळ लपवते.

नवं औषध सुरू करून निघून येऊ नये. चॉकलेटं वाटू नयेत, फोटो तर नकोच.

सोबत रेनकोट, टॉर्च आणि सेकंदकाट्याचं साधं मनगटी घड्याळ घ्यावं. श्वास मोजायला मोबाइल चालतो म्हणा, पण पावसात वीज गेली की तो दुसऱ्या दिवशीच बंद पडतो.