चित्रकथेसाठी टाक घ्यावा की ब्रश?

जयसिंगपुरात एके काळी नवे दुकान निघाले की पाटीसाठी पेंटरला बोलावणे जाई. फ्लेक्स आला आणि हे काम आटले. पण पाट्या रंगवून बसलेला हात हे मोठे भांडवल आहे. एका दमात रेघ ओढणे आणि तिला जाड-बारीक वळण देणे, हाच हुन्नर चित्रकथेला, म्हणजे कॉमिक्सला लागतो. १९६७ साली सुरू झालेल्या ‘अमर चित्र कथा’साठी राम वाईरकर, प्रताप मुळीक या मराठी चित्रकारांनी काम केले. आज पुष्कळ काम संगणकावर होते, तरी हाताने शाई करणारे चित्रकार आहेतच. या कामाकडे वळू पाहणाऱ्या आमच्या कारागीर बांधवांनी खरेदीपूर्वी काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

नवशिक्याने टाकापासून सुरुवात करावी. निब स्वस्त असते, दाब दिला की रेघ जाड होते. नव्या निबेवर तेलाचा थर असतो. तो पुसल्याशिवाय शाई नीट धरत नाही. चौकटी व सरळ रेघांसाठी बारीक टोकाचे तयार पेन सोयीचे, पण त्याची रेघ एकसारखीच राहते.

पाटी रंगवणाऱ्याचा हात मात्र ब्रशवर लवकर बसेल. केस, कपड्याच्या घड्या, सावली यांना ब्रशच हवा. घेताना तो पाण्यात बुडवून झटकावा; टोक आपोआप सुईसारखे जुळले तरच पैसे मोजावेत. सेबलचा ब्रश उत्तम, पण महाग. शिकताना नायलॉनचा चालतो.

दुकानदार बांधवांना एक इशारा. मुंगसाच्या केसांचे ब्रश कितीही चांगले म्हणून कोणी देऊ केले तरी ठेवू नयेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्यांचा व्यापार गुन्हा आहे. चार पैशांच्या नफ्यापायी दुकानाची इभ्रत घालवू नये.

शाई वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंकच घ्यावी, म्हणजे वरून रंग दिला तरी रेघ पसरत नाही. शाईच्या धंद्यात मराठी माणसाचे नाव जुने आहे: दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत शाईच्या पुडी व वड्यांपासून सुरुवात केली, त्यातूनच कॅम्लिन उभी राहिली. मात्र ही ड्रॉइंग इंक साध्या फाउंटन पेनात कधीही भरू नये, पेन कायमचे बंद पडते. ब्रशही केसांच्या मुळाशी शाई सुकण्याआधी धुवावा, नाहीतर टोक फाटते.

कागद गुळगुळीत व जाड असावा; पातळ कागदावर शाई फुटते. चित्र बहुधा छापील आकाराच्या दीडपट काढतात. छपाईत ते लहान होते तेव्हा फार बारीक रेघ तुटते, हा हिशेब आधीच धरावा.

आमचे सांगणे इतकेच की पहिल्या दिवशी पेटीभर सामान घेऊ नये. एक टाक, दोन निबा, एक चांगला ब्रश आणि शाईची एक बाटली पुरे. बाकीचे काम रोजच्या सरावाने होईल.