रक्तपिशाच्चाचा चेहरा रंगवताना

आज आपण मेकअपवर बोलणार आहोत, पण नवरीच्या नाही, भुताच्या! शाळेच्या गॅदरिंगमध्ये, वेशभूषा स्पर्धेत पोरांना ड्रॅक्युला व्हायचे असते. तोंडाला पावडर थापली आणि ओठ लाल केले की झाले, असे आपल्याला वाटते. गटातल्या ज्या मैत्रिणी पार्लर चालवतात, त्यांना हे काम नीट जमावे आणि कोणाच्या कातडीला इजा होऊ नये, म्हणून हे बोलणे.

व्हॅम्पायर म्हणजे थडग्यातून उठून माणसाचे रक्त पिणारे भूत. ते मूळचे पूर्व युरोपातल्या खेड्यांतले. तिथल्या समजुतीत हे भूत फुगलेले, लालबुंद तोंडाचे असायचे. बारीक, फिकट आणि देखणे भूत पुढे इंग्रजी गोष्टींत आले. जॉन पोलिडोरी यांची व्हॅम्पायरची गोष्ट १८१९ ची, शेरिडन ले फानू यांची ‘कार्मिला’ १८७२ ची आणि ब्रॅम स्टोकर यांची ‘ड्रॅक्युला’ १८९७ ची.

त्या काळात तिकडे क्षयाने घरेच्या घरे रिकामी होत होती. क्षयाच्या माणसाचा चेहरा आठवून बघा. गाल बसलेले, कातडी फिकट, तापाने गालावर लाली, डोळे खोल आणि चमकणारे, खोकताना ओठावर रक्त. आपण ज्याला भुताचा चेहरा म्हणतो, तो जवळजवळ हाच आहे.

याचा खरा दाखला अमेरिकेतला आहे. ऱ्होड आयलंड राज्यात एक्झिटर नावाच्या खेड्यात ब्राउन नावाचे शेतकरी कुटुंब होते. आई क्षयाने गेली, मग थोरली मुलगी गेली आणि १८९२ च्या जानेवारीत १९ वर्षांची मर्सी गेली. भाऊ एडविनही खंगत चालला. मेलेल्यांपैकी कोणीतरी उठून त्याचे रक्त पिते, असे गावकरी म्हणू लागले. वडिलांना हे पटत नव्हते, पण गावापुढे त्यांचे काही चालले नाही. मार्चमध्ये प्रेते तपासली. मर्सीचे प्रेत फारसे कुजले नव्हते. कसे कुजेल? दोनच महिने झाले होते आणि कडाक्याची थंडी होती. पण लोकांनी तिचे काळीज काढून जाळले आणि राख पाण्यातून एडविनला पाजली. दोन महिन्यांत तोही गेला. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच शोधला होता. पण खेड्यात दोष जंतूला नाही, मेलेल्या पोरीला मिळाला.

आता त्या काळच्या सौंदर्याकडे बघू. क्षयाने आलेला फिकटपणा श्रीमंत घरांत चक्क सुंदर मानला जाऊ लागला. निरोगी बायका तसे दिसण्यासाठी धडपडत. त्याच्या आधीच्या शतकात तर चेहऱ्याला शिशाचा पांढरा लेप लावत. शिसे अंगात भिनले की केस गळतात, पोटात कळा येतात, हातपाय लुळे पडतात. पुढे गोरेपणासाठी सोमल घातलेल्या वड्या विकल्या जात. डोळे मोठे दिसावेत म्हणून बेलाडोना या विषारी झाडाचा रस डोळ्यांत घालत. त्याने नजर धूसर व्हायची.

मग आपण हा चेहरा बिनविषारी कसा करायचा? १८९० च्या सुमाराचा एक नमुना घेऊ.

आदल्या दिवशी प्रत्येक रंग कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून बघा. खाज किंवा पुरळ आले तर तो रंग वापरू नका.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे फिकट म्हणजे गोरे नव्हे. आशाताई रक्त कमी आहे का बघताना काय करतात? खालची पापणी ओढून बघतात, नखे बघतात, जीभ बघतात. सावळ्या चेहऱ्याचा तजेला गेला की तो राखाडी दिसतो, पांढरा होत नाही. म्हणून मुलीच्या रंगाचेच फाउंडेशन घ्या. त्यात चेहऱ्याला चालणारा राखाडी रंग अगदी थोडा मिसळा. मान आणि कानही रंगवा, नाहीतर मुखवटा घातल्यासारखे दिसेल.

डोळ्यांभोवती, कानशिलावर आणि गालाच्या हाडाखाली राखाडी-तपकिरी आयशॅडो लावून कडा बोटाने पुसट करा. काळा रंग नको, तो काजळीसारखा दिसतो. खालच्या पापणीच्या बाहेर वाइन रंगाची बारीक रेघ ओढून पसरवा, म्हणजे जागरणाचे डोळे दिसतात. गालावर वरच्या बाजूला लालीचा छोटा ठिपका द्या, तीच तापाची लाली. ओठाला मध्ये गडद लिपस्टिक लावून कडेकडे फिकट करा. त्या काळी उघड रंगरंगोटी घरंदाज बाईला शोभत नसे, म्हणून चकचकीत लिपस्टिक नको.

रक्तासाठी साखरेच्या घट्ट पाकात खाण्याचा लाल रंग आणि चिमूटभर कोको घाला. कपड्यावर डाग पडतो, तेवढे सांभाळा. नाटक संपले की खोबरेल तेलाने सगळे पुसून तोंड धुवा.

चुना, भिंतीचा रंग, गुलाल, शेंदूर चेहऱ्याला लावू नका. काही शेंदरात आणि सुरम्यात शिसे सापडले आहे. दाताला नेलपेंट किंवा गोंद लावू नका. घटक, परवाना क्रमांक आणि मुदत छापलेलीच वस्तू घ्या. गोरे करणाऱ्या बिननावाच्या क्रीमपासून तर लांबच राहा. अशा काही क्रीममध्ये पारा निघाला आहे आणि पाऱ्याने मूत्रपिंड खराब होते.

नाटक बसवताना पोरांना मर्सीची गोष्टही सांगा. क्षय आजही आपल्या गावांत आहे, पण आता त्यावर औषध आहे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे असे काही दिसले तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. थुंकीची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. पूर्ण कोर्स केला की बहुतेक माणसे बरी होतात. आणि एखाद्या घरात एकामागून एक माणसे आजारी पडली तर सुनेच्या पायगुणावर किंवा कोण्या म्हातारीच्या नजरेवर बोट ठेवण्याआधी घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या.