आईची अर्धी जुळणी

सोयाबीनच्या दाण्यात एक प्रथिन असतं. आईच्या कमरेच्या हाडातून काढलेल्या मज्जेत ते मिसळलं की बहुतेक प्रौढ पेशी एकमेकींना चिकटून तळाशी बसतात. मूळपेशी मात्र वर राहतात. त्यांच्यात उरलेल्या टी पेशी, म्हणजे परक्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, पकडायला मेंढीच्या तांबड्या पेशी घालतात. टी पेशींभोवती त्या पाकळ्यांसारख्या जमतात आणि तो गुच्छही खाली बसतो. धान्य पाखडून निवडावं तशी ही मज्जा निवडून झाली की ती बाळाच्या शिरेत सोडायची.

हे बाळ टी पेशींशिवाय जन्मलेलं असतं. जन्मतः गुटगुटीत दिसतं, मग तोंड येतं, जुलाब थांबत नाहीत, न्यूमोनिया होतो. उपचाराविना अशी बाळं बहुधा पहिल्या एक-दोन वर्षांतच जातात. १९६८ मध्ये मिनियापोलिसला रॉबर्ट गुड यांनी अशा एका बाळाला बहिणीची मज्जा देऊन वाचवलं. पण सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारात एक. आईशी निम्मी जुळणी मात्र ठरलेलीच, कारण एचएलए या पेशींवरच्या ओळखखुणांचा एक संच आईकडून येतो. अडचण आईच्या टी पेशींची. त्या बाळाला परकं मानून त्याच्या कातडीवर, आतड्यावर, यकृतावर तुटून पडतात.

म्हणून हे पाखडणं. इस्रायलच्या वाइझमन संस्थेचे याइर राइसनर आणि न्यूयॉर्कचे रिचर्ड ओ'रायली यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ते बाळांसाठी वापरलं. टी पेशींशिवायच जन्मलेल्या ह्यूस्टनच्या डेव्हिड व्हेटरला १९८३ मध्ये दिलेली बहिणीची मज्जाही जुळणारी नव्हती. तिच्यातल्या टी पेशी वेगळ्या पद्धतीने काढल्या होत्या, पण एक विषाणू लपून राहिला. बारा वर्षं प्लास्टिकच्या कोशात काढलेला तो मुलगा त्या विषाणूने झालेल्या कर्करोगाने १९८४ च्या फेब्रुवारीत गेला.

ड्यूक विद्यापीठात रिबेका बकली यांनी १९८२ पासून आईबापांची निवडलेली मज्जा दिली, तीही बहुतेक वेळा केमोथेरपीविना. नव्या पेशींना हुसकावून लावायला बाळाकडे सैन्यच नसतं! आईच्या मूळपेशी बाळाच्या थायमस ग्रंथीत शिरतात, तिथे या शरीराला आपलं मानायला शिकतात आणि तीन-चार महिन्यांनी टी पेशी होऊन बाहेर पडतात. मला या साऱ्यात हेच सर्वांत विलक्षण वाटतं. बकली यांच्या १९९९ च्या अहवालात अर्धी जुळणी असलेल्या ७७ पैकी ६० बाळं जिवंत होती. मात्र पूर्ण जुळणीची बाळं धरून एकूण ७२ वाचलेल्यांपैकी ४५ जणांना बाहेरून प्रतिपिंडं द्यावी लागत होती. साडेतीन महिन्यांच्या आत प्रत्यारोपण झालेल्या २२ बाळांपैकी २१ वाचली.

वेळ गाठायची तर टाचेच्या रक्ताच्या थेंबावरून निदान व्हायला हवं. विस्कॉन्सिनने २००८ मध्ये ते सुरू केलं, २०१८ अखेर अमेरिकेची सगळी राज्यं त्यात आली. आपल्याकडे जन्मल्याबरोबर बीसीजी टोचतात आणि अशा बाळात त्या लसीचेच जंतू अंगभर पसरू शकतात. परळला केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत या आजारांच्या तपासण्या होतात. घरात आधी एखादं तान्हं बाळ वारंवार संसर्ग होऊन गेलं असेल, तर पुढच्या बाळंतपणाआधीच डॉक्टरांना ते सांगा, लस टोचण्यापूर्वी.