मायक्रोस्कोप: मोठं दिसणं आणि स्पष्ट दिसणं

एम.एस्सी.ला असताना मी ४० एक्सच्या लेन्सला तेल फासलं होतं. रक्ताची स्लाइड १०० एक्सखाली तेल टाकून बघितली आणि 'जरा मागे जाऊन बघू' म्हणून ४० एक्स फिरवून आणली. पुढच्या बॅचला त्यातून सगळं धुक्यात दिसत होतं. त्यामुळे आता प्रॅक्टिकल घेताना मी तेलापासूनच सुरुवात करते.

आधी प्रकाशाचा रस्ता बघू. खालच्या दिव्याचा प्रकाश कंडेन्सर गोळा करून स्लाइडवर टाकतो. तो किती रुंद पसरावा हे डायफ्रॅम ठरवतो. स्टेजवरच्या स्लाइडची मोठी प्रतिमा ऑब्जेक्टिव्ह लेन्स बनवते आणि आयपीस ती आणखी मोठी करते. दोन टप्पे, म्हणून 'संयुक्त' सूक्ष्मदर्शक. आयपीस १० एक्स आणि ऑब्जेक्टिव्ह ४० एक्स असेल, तर एकूण ४०० पट.

मग तेल कशाला? काचेतून हवेत येताना प्रकाश वाकतो आणि तिरके किरण लेन्सबाहेर निसटतात. बारीक तपशील नेमके त्याच किरणांत असतात. इमर्शन ऑइलचा अपवर्तनांक काचेइतकाच, साधारण १.५, असल्याने हे किरण लेन्समध्ये शिरतात. तरीही सुमारे ०.२ मायक्रोमीटरपेक्षा जवळचे दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत. त्यापुढे कितीही मोठं केलं तरी फक्त धूसरपणा मोठा होतो, मोबाइलवर फोटो झूम केल्यासारखा.

वापरताना क्रम पाळा. सुरुवात ४ किंवा १० एक्सने करा, मोठा नॉब इथेच फिरवायचा. ४० एक्सवर लेन्स स्लाइडच्या अगदी जवळ असते, मोठा नॉब फिरवलात तर काच फुटलीच म्हणून समजा. तिथून पुढे फक्त बारीक नॉब. तेलाचा थेंब टाकल्यावर थेट १०० एक्सवर जायचं, परत ४० वर नाही. शेवटी तेल लेन्स पेपरने टिपायचं, रुमालाने नाही.

एवढी काटेकोरी का? लाल रक्तपेशी ७-८ मायक्रोमीटरची. तिच्या आतली मलेरियाची कोवळी 'रिंग' त्याहून कितीतरी लहान. तेलकट लेन्समधून ती सुटली, तर स्लाइड 'निगेटिव्ह' ठरते आणि ताप मात्र चढतच राहतो.