ठिपक्यांची रांगोळी

गोठ्यातल्या वासरानं हात कुणाचा चाटला, यावरून दोघांचं जुंपलं होतं.

"माझा चाटला!" धाकटी म्हणाली.

"तू तर घाबरून आजीच्या मागे लपली होतीस. खोटारडी!" थोरला ओरडला.

"थांबा रे," मी म्हटलं. "आधी एक खेळ. मी शब्द म्हणतो, नीट ऐका. अंथरूण, उशी, चादर, जांभई, डुलकी, स्वप्न, अंगाई, घोरणं, रात्र, पेंग, पाळणा, दुलई. लक्षात ठेवा हं. तोवर एक खरी गोष्ट सांगतो.

२८ जानेवारी १९८६. अमेरिकेचं 'चॅलेंजर' यान सात जणांना घेऊन झेपावलं आणि ७३ सेकंदांत आकाशातच त्याचे तुकडे झाले. सारा देश हळहळला. अटलांटाच्या एमरी विद्यापीठात अल्रिक नाइसर नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं : बातमी कुठे कळली? कुणी सांगितली? तेव्हा तुम्ही काय करत होतात? ते कागद जपून ठेवले. अडीच वर्षांनी नाइसर आणि निकोल हार्श यांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. त्यांतल्या ११ जणांचं एकही महत्त्वाचं उत्तर जुळलं नाही! एकीनं पूर्वी लिहिलं होतं, बातमी वर्गात कळली. आता ती सांगत होती, खोलीत मैत्रिणीबरोबर टीव्हीवर पाहिली."

"म्हणजे ती खोटं बोलत होती?" धाकटीनं विचारलं.

"मुळीच नाही. तिची पक्की खात्री होती. जुने कागद पुढे ठेवले तरी त्या मुलांना मूळ आठवण परत मिळाली नाही. अक्षर आपलंच आहे हे दिसत होतं, पण मनातलं चित्र हलेना."

"असं कसं होतं?"

"आजी रोज दारात ठिपक्यांची रांगोळी काढते ना? कालची पुसून गेलेली असते. ठिपके तेवढेच, पण आज रेघ थोडी वेगळी वळते. आठवण तशीच. डोक्यात फोटोंचा अल्बम नसतो, बाळांनो. प्रसंगाचा आवाज मेंदूत एकीकडे, चेहरे दुसरीकडे. कानशिलांच्या आत खोलवर हिप्पोकॅम्पस नावाचा, समुद्रघोड्यासारखा बाकदार भाग असतो. तो हे ठिपके एकत्र आणतो. मधल्या रेघा मेंदू आपल्या अनुभवावरून ओढतो. मोठ्या बातम्या एरवी टीव्हीवर दिसतात. म्हणून त्या मुलीच्या आठवणीत टीव्ही येऊन बसला असावा.

बरं, आता सांगा. मघाच्या शब्दांत 'पाळणा' होता?"

"होता!"

"'पंखा'?"

"नव्हता."

"'झोप'?"

"होता!" दोघं एकदम म्हणाले.

"नव्हता रे! मी तो उच्चारलाच नाही. पण बाकीचे सगळे त्याच घरचे पाहुणे. इतके पाहुणे दिसल्यावर मेंदूला यजमानही दिसतो. ही गंमत जेम्स डीज यांनी १९५९ साली टिपली. १९९५ साली हेन्री रोडिगर आणि कॅथलीन मॅकडरमॉट यांनी ती पुन्हा तपासली. न ऐकलेला शब्द लोक छातीठोकपणे सांगत. मेंदू शब्दांपेक्षा त्यांचा अर्थ जास्त जपतो."

"मग आपला मेंदू वाईटच की," थोरला हिरमुसला.

"नाही रे राजा! ठिपके जोडायच्या याच ताकदीवर तू उद्याच्या सहलीचं चित्र आज मनात रंगवतोस. लंडनच्या संशोधकांनी हिप्पोकॅम्पसला इजा झालेल्या काही रुग्णांना सांगितलं, आपण समुद्रकिनारी आहोत अशी कल्पना करा. बहुतेकांना ते जमेना. जे दिसलं तेही तुटक तुटक. काल आणि उद्या, दोन्ही रांगोळ्या एकाच हाताच्या. म्हणून चूक होते, आणि म्हणूनच स्वप्नंही रंगतात."

धाकटीनं विचारलं, "आजोबा, मग वासरानं हात कुणाचा चाटला?"

"त्या दिवशी कुणी लिहून ठेवलं नाही, बाळा. मलाही विचारू नका. माझ्या डोक्यातही रांगोळीच आहे. पण 'असंच झालं' म्हणण्याऐवजी 'मला असं आठवतं' म्हणा. आणि 'खोटारडी' हा शब्द आधी मागे घे."

थोरला क्षणभर गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, "बरं, घेतला. मला तू आजीच्या मागे उभी असलेली आठवतेस."

"आणि मला," धाकटी तळहात चोळत म्हणाली, "ती खरखरीत जीभ आठवते."

दोघं तशीच एकमेकांकडे बघत राहिली. भांडण मात्र संपलं होतं.