ढवळ्या, पवळ्या आणि एक छोटं कॉलेज

तुमचं कॉलेज किती मोठं होतं? माझं छोटं होतं, खासगी. कॅन्टीन एकच, आणि तिथे कोण कोणाशी बोलत नाही हे प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना ठाऊक. अशा ठिकाणी तीन-चार वर्षं काढलेला माणूस सुट्टीत घरी गेला की घरचे म्हणतात, "कॉलेजात जाऊन बदललास हं!" पण खरंच कॉलेजमुळे बदलतो का आपण? की वय वाढतं म्हणून? हे शोधून कसं काढायचं? यावर एक जुना, पण फार सुंदर अभ्यास आहे.

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात १९३२ साली बेनिंग्टन कॉलेज सुरू झालं. खासगी, तेव्हा फक्त मुलींसाठी, आणि विद्यार्थिनी जेमतेम अडीच-तीनशे. बहुतेक मुली सधन, रिपब्लिकन विचारांच्या घरांतल्या. प्राध्यापक मात्र बरेचसे तरुण आणि उदारमतवादी. बाहेर महामंदी, रूझवेल्टचा 'न्यू डील', युरोपात वाढता फॅसिझम. गाव लहान, त्यामुळे राहणं-जेवणं-वाद सगळं आवारातच. थिओडोर न्यूकम हे मानसशास्त्रज्ञ तिथे शिकवत होते. त्यांनी १९३५ ते १९३९ या काळात मुलींच्या राजकीय मतांची नोंद ठेवली.

१९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळचे आकडे बघा. पहिल्या वर्षाच्या मुलींपैकी ६२ टक्के रिपब्लिकन लँडनच्या बाजूने होत्या, रूझवेल्टकडे २९ टक्के. शेवटच्या दोन वर्षांच्या मुलींत लँडनला फक्त १५ टक्के, रूझवेल्टला ५४, आणि तब्बल ३० टक्के समाजवादी किंवा कम्युनिस्ट उमेदवारांना!

आता थांबा. लगेच "कॉलेजचा परिणाम" म्हणून मोकळं व्हायचं नाही. तीन शंका घ्यायला हव्यात.

पहिली शंका: वरच्या वर्गातल्या मुली मुळातच वेगळ्या घरांतल्या असतील तर? पण दोन्ही गटांच्या पालकांमध्ये ६० टक्के किंवा त्याहून जास्त जण लँडनचेच होते. म्हणजे घरं सारखीच. शिवाय न्यूकमनी त्याच त्या मुलींना वर्षानुवर्षं पुन्हा प्रश्न विचारले, आणि मतं हळूहळू सरकताना दिसली.

दुसरी आणि तिसरी शंका: हा वयाचा परिणाम असेल, किंवा त्या काळाचा. त्यासाठी त्यांनी विल्यम्स आणि स्किडमोर या दुसऱ्या दोन खासगी कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांशी तुलना केली. वय तेच, काळ तोच, पण तिथे बदल बराच कमी. मग उरतं काय? बेनिंग्टनचं वातावरण.

पण वातावरण म्हणजे नेमकं काय? इथे मला हा अभ्यास सगळ्यात आवडतो. न्यूकमनी मुलींना विचारलं, बाहेरच्या संमेलनात आपल्या कॉलेजचं प्रतिनिधित्व कोणी करावं? ज्यांची नावं जास्त आली, त्या बहुतेक उदारमतवादी निघाल्या. म्हणजे तिथे मान मिळवण्याचा रस्ताच त्या मतांवरून जात होता. प्राध्यापकांच्या भाषणाइतकंच, कदाचित जास्तच, मैत्रिणींच्या नजरेचं वजन होतं. आणि ज्या बदलल्या नाहीत त्या? त्यांच्यातल्या अनेकींची नाळ घरच्यांशी घट्ट होती, किंवा त्यांचा आपल्यासारख्यांचाच छोटा कंपू होता. थोडक्यात, आपण कोणाला 'आपले लोक' मानतो त्यावर सगळं ठरतं. समाजशास्त्रात याला संदर्भगट म्हणतात. आपल्याकडे ढवळ्याशेजारी बांधलेल्या पवळ्याची गोष्ट सांगतात: वाण नाही पण गुण लागतो.

बरं, कॉलेज सुटल्यावर गुण उतरतो का? १९६० मध्ये न्यूकमनी त्याच मुलींना, आता चाळिशी-पंचेचाळिशीच्या बायकांना, पुन्हा गाठलं. साधारण ६० टक्के केनेडीच्या बाजूने होत्या. त्यांच्यासारख्या आर्थिक स्तरातल्या बायकांकडून याच्या निम्मीच अपेक्षा असती. मतं टिकली, कारण पुढचे नवरे आणि मित्रपरिवारही बऱ्याच अंशी त्याच विचारांचे होते. शेजार बदलला, पण तो ढवळ्याचाच राहिला.

मर्यादा विसरू नका. हे एकच कॉलेज, एकच काळ, फक्त सधन घरांतल्या मुली. यावरून "छोटं कॉलेज माणसाला पुरोगामी बनवतं" असा नियम काढला तर चूक होईल. उद्या एखाद्या कॉलेजात उलट मतांना मान असेल, तर गाडी उलट दिशेनेही जाईल.

मोठ्या विद्यापीठात हजार कंपू असतात, एक नाही पटला तर दुसरा. छोट्या कॉलेजात तेवढी सोय नसते. तिथे एकटं पडणं महाग असतं, म्हणून मत बदलणं स्वस्त वाटतं. तेव्हा तुम्ही अशा कॉलेजात असाल, किंवा तुमचं मूल यंदा जाणार असेल, तर इमारत आणि प्लेसमेंटच्या आकड्यांबरोबर एवढं जरूर बघा: इथे कोणाला मान मिळतो, आणि कशासाठी? चार वर्षांनी घरी परतणारा माणूस बराचसा त्या उत्तरासारखा असण्याची शक्यता आहे.