आधी पाणी मुरावे, मग मासा यावा



ज्या गुरुवर्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही पुस्तिका निघते, त्यांच्या नावाने मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने काव्यावर वा व्याकरणावर लिहावे, अशी अपेक्षा कोणीही करील. मी मात्र खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयावर लिहिणार आहे. आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत असे मत्स्यालय असावे, अशी इच्छा तुमच्यापैकी काहींनी माझ्यापाशी बोलून दाखविली, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण असे की, या विषयात माझ्या हातून एक अपराध घडला आहे. तो तुमच्या हातून घडू नये, एवढीच या लेखामागची तळमळ.

लाटंबार्से हा काही समुद्रकाठचा गाव नव्हे. दोडामार्गच्या सीमेला टेकलेला हा गाव कुळागरांचा, काजूच्या डोंगरांचा आणि गोड्या पाण्याचा. समुद्राची ओढ मला लागली ती विद्यार्थिदशेत, मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय पाहिले तेव्हा. काचेपलीकडचे ते रंगीत जग मनात घर करून राहिले होते. निवृत्तीनंतर एका मे महिन्यात नातू सुटीला आला आणि त्याच्या हट्टाचे निमित्त करून मी माझीच जुनी हौस पुरवून घेतली. शंभर लिटरची काचेची टाकी आणली, क्षार विरघळवून पाणी केले आणि त्याच संध्याकाळी नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन विदूषक मासे त्यात सोडले. विक्रेत्याने बजावले होते, "सर, टाकी आधी सायकल करून घ्या." मला त्या शब्दाचा बोध झाला नाही आणि तो विचारण्याची नम्रताही त्या वेळी सुचली नाही.

पाचव्या दिवशी मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले. सहाव्या दिवशी पहाटे नातवाने मला हाक मारली. दोघेही तळाशी पडले होते. पाणी मात्र स्फटिकासारखे नितळ होते. "आजोबा, पाणी तर स्वच्छ आहे, मग ते मेले कशाने?" हा त्याचा प्रश्न. पीएच.डी. मिळविलेल्या माणसापाशी त्याचे उत्तर नव्हते. ते मला पुढे, माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने, जो आता जीवशास्त्र शिकवितो, समजावून दिले.

नितळ पाणी आणि निर्विष पाणी या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा त्या उत्तराचा गाभा. मासा जे खातो त्यातील प्रथिनांचे पचन झाल्यावर अमोनिया तयार होतो आणि तो मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात टाकला जातो. उरलेले अन्न कुजले तरी अमोनियाच निर्माण होतो. त्याला रंग नाही आणि थोड्या प्रमाणात असताना वासही येत नाही. अफाट समुद्रात तो विरून जातो आणि तेथील असंख्य सूक्ष्मजीव त्याचा फडशा पाडतात. शंभर लिटरच्या नव्या कोऱ्या टाकीत मात्र तो साचतच जातो. त्यातही खाऱ्या पाण्याची स्थिती अधिक नाजूक असते. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.२ च्या आसपास, म्हणजे अल्कधर्मी असतो. अमोनिया पाण्यात दोन रूपांनी राहतो, एक सौम्य आणि एक विषारी. सामू जसजसा चढतो तसतसे विषारी रूपाचे प्रमाण वाढते. सामू ७ असताना ते जेवढे असते, त्याच्या दहापटीहून अधिक ते ८.२ ला असते. आमच्या माशांचा श्वास कोंडला तो या अदृश्य विषाने.

निसर्गाने या विषाचा बंदोबस्त कसा केला आहे, याचा शोध मत्स्यालयात लागला नाही, तो सांडपाण्यात लागला. १८७७ साली श्लोसिंग आणि म्युंट्झ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू व चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी सावकाश झिरपू दिले. पहिले सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही. अमोनिया जसाच्या तसा बाहेर पडत राहिला. नंतर तो नाहीसा होऊ लागला आणि त्याच्या जागी नायट्रेट येऊ लागले. नळीत क्लोरोफॉर्म सोडताच ही क्रिया थांबली. पुढे बागेतील मातीचे थोडे पाणी घालताच ती पुन्हा सुरू झाली. यावरून हे काम वाळूचे नसून वाळूवर वसलेल्या सजीवांचे आहे, हे सिद्ध झाले. १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने ते जीवाणू वेगळे करून दाखविले. एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो आणि दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. तीच त्यांची उपजीविका. पुढे २००५ साली तर समुद्रात अमोनिया पचविणारा आर्किया गटातील एक सूक्ष्मजीव प्रथमच वेगळा करण्यात आला आणि तो सापडला अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथील सार्वजनिक मत्स्यालयाच्या टाकीत!

त्या नळीतील वीस दिवसांची शांतता म्हणजेच त्या विक्रेत्याची 'सायकल'. या इंग्रजी शब्दाचा आधार नत्रचक्र हा आहे. परंतु आमच्या टाकीत चक्र पूर्ण होत नाही; ते नायट्रेटपाशी बहुतांशी थांबते. मला विचाराल तर या क्रियेला आपल्या भाषेत आधीपासूनच एक सुंदर शब्द आहे, तो म्हणजे 'मुरणे'. लोणचे मुरते, पाऊस जमिनीत मुरतो, अनुभवाने माणूस मुरतो. मुरण्यात बाहेरून काही घडताना दिसत नाही. परंतु आतून पदार्थाचा स्वभाव पालटतो. टाकीचे पाणीही असेच मुरावे लागते.

आता प्रत्यक्ष कृती सांगतो. सर्वप्रथम पाणी. नळाच्या पाण्यातील क्लोरीन जीवाणूंना मारतो, म्हणून ते क्लोरीननाशक औषध घालून निर्धोक करून घ्यावे. त्यात मत्स्यालयासाठी मिळणारे समुद्री क्षारमिश्रण लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या मानाने विरघळवावे. म्हणजे शंभर लिटरला साडेतीन किलो. विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास आले की पाणी जमले. येथे कोणी विचारील की, पेडण्यातील आगरवाड्याच्या मिठागरातले मीठ का चालू नये? त्याचे उत्तर मिठागरातच आहे. पाणी आटत जाते तसे चुनखडी आणि जिप्सम आधी खाली बसतात, मग मीठ जमते आणि मॅग्नेशियमचे क्षार उरलेल्या कडवट पाण्यात राहून जातात. म्हणजे मीठ हा समुद्राचा एक अंश होय, अवघा समुद्र नव्हे. किनाऱ्यावरचे पाणी आणायचे झाल्यास पावसाळ्यात नद्यांच्या मुखांपासून ते आणू नये. त्या दिवसांत मांडवीसारख्या नदीच्या मुखाशीही त्याचा खारेपणा फार उतरतो.

दुसरी गोष्ट, जीवाणूंचे घर. ते पाण्यात तरंगत राहण्यापेक्षा दगडांच्या छिद्रांत, वाळूवर आणि गाळणीत चिकटून वसतात. त्यासाठी सच्छिद्र कोरडे दगड किंवा चिनीमातीचे तुकडे पुरेसे आहेत. समुद्रातून प्रवाळ वा प्रवाळयुक्त दगड मुळीच आणू नयेत. खडक बांधणारे प्रवाळ २००१ साली वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत घेतले गेले. ते काढणे हा गुन्हा आहे आणि कायदा नसता तरी ते अनुचितच ठरले असते. पाणी खेळते ठेवणारा पंप अहोरात्र चालू हवा, कारण या जीवाणूंना प्राणवायू फार लागतो.

तिसरी गोष्ट, त्यांचे अन्न. टाकीत मासा नसताना अमोनिया पुरवायचा कसा? शुद्ध अमोनियम क्लोराइडचे द्रावण लिटरला सुमारे २ मिलिग्रॅम अमोनिया होईल इतके घालावे. अथवा कोळंबीचा, म्हणजे आपल्या सुंगटाचा, एक लहान तुकडा जाळीच्या पिशवीत टांगून कुजू द्यावा. जुन्या निरोगी टाकीतील मूठभर वाळू वा गाळणीचा तुकडा मिळाल्यास उत्तम. दुधाला विरजण लावावे तसा त्याचा उपयोग होतो. फरक एवढाच की, दूध एका रात्रीत लागते. हे जीवाणू मात्र अत्यंत संथ आहेत. दुधाला लागणारे जीवाणू तासाभरात दुप्पट होऊ शकतात, तर यांना पुष्कळ तास, कधी दिवसही लागतो. म्हणूनच चार ते सहा आठवडे धीर धरावा लागतो.

दुसऱ्या खेपेस मी वही घालून बसलो. बाजारात मिळणाऱ्या थेंबांच्या चाचण्यांनी दर दोन दिवसांनी पाणी तपासले. पहिला आठवडा अमोनिया हलला नाही. दहाव्या दिवसानंतर तो उतरू लागला आणि नायट्राइट दिसू लागले. पुढे नायट्राइट इतके चढले की काही बिघडले की काय अशी शंका यावी. गोड्या पाण्यात नायट्राइट माशांचे रक्त तपकिरी करून त्यांना गुदमरविते. खाऱ्या पाण्यातील क्लोराइडमुळे ते एवढे घातक ठरत नाही, तरीही ते असताना मासा सोडू नये. अखेर अडतिसाव्या दिवशी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले. एवढ्यावरही थांबू नये. पुन्हा लिटरला २ मिलिग्रॅम अमोनिया घालावा आणि तो चोवीस तासांत नायट्राइटसह नाहीसा होतो का, ते पाहावे. झाला, तर पाणी मुरले असे समजावे. मागे उरलेले नायट्रेट पाण्याचा काही भाग बदलून कमी करावे.

मग पहिला मासा आणावा. एकच आणि लहान. कारण जेवढे अन्न, तेवढीच जीवाणूंची वस्ती. एकदम पाच मासे सोडले तर ती वस्ती अपुरी पडून पुन्हा विष साचते. मासा समुद्रातून पकडलेला नसावा, पैदास केलेला असावा. विदूषक माशांची पैदास तामिळनाडूतील मंडपम येथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने केली आहे. नवी मुंबईतील ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही ती झाली आहे. आणखी एक सूचना आपल्या भागापुरती. पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते. पंप थांबला की बंद गाळणीतील जीवाणू प्राणवायूविना मरू लागतात. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असावा. तो घेण्याची तयारी नसेल, तर शाळेने मत्स्यालय घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नातवाला हे सारे पत्राने कळविले, तेव्हा त्याने विचारले की, रिकाम्या टाकीपुढे अडतीस दिवस बसून मी काय पाहिले? टाकी रिकामी नव्हती, हेच मी पाहिले. डोळ्यांना दिसणारा पाहुणा येण्यापूर्वी न दिसणारे यजमान तेथे नांदावे लागतात. आम्ही पाहुण्यांना ओसाड घरात ढकलले आणि दार लावून घेतले. हा तो अपराध. माझा आताचा मासा गेली चार वर्षे त्या पाण्यात सुखाने आहे, परंतु आधीच्या दोघांची भरपाई त्याने होत नाही.

तुमच्या प्रयोगशाळेत टाकी येईल, तेव्हा पहिल्या महिन्यात तिच्यात काही नाही म्हणून कंटाळू नका. वही घाला, आकडे लिहा, आलेख काढा. खरा प्रयोग तोच आहे. मासा हे त्याचे फळ.